प्रायोजकाचं वाक्य

मध्यंतरानंतर थोड्याच वेळात प्रेक्षकांतला तो माणूस पुन्हा शिंकला. पहिल्यांदा शिंकला तेव्हा समालोचनाच्या नादात तिनं लक्ष दिलं नव्हतं. फुटबॉलचं मैदान आहे, धूळ असते, माणसं शिंकतात. पण ही शिंक काही साधीसुधी नव्हती. आधी एक लांबलचक तयारी, मग एकदम दणका, त्यापाठोपाठ आजूबाजूच्या दोन-चार जणांचं हसणं आणि त्यातल्या एकाचं कौतुकानं म्हटलेलं ‘आयला!’. आता पुन्हा तीच तयारी, तोच दणका, तेच हसणं आणि तेच ‘आयला!’. हेडफोनच्या आत तिच्या कानाची पाळी उगीचच गरम झाली. एखादा माणूस दोनदा शिंकू शकतो, पण त्याच्या शेजाऱ्याला दोन्ही वेळा अगदी मोजून तेवढंच आश्चर्य वाटू शकत नाही. शिवाय ही शिंक तिच्या ओळखीची होती. गेल्या महिन्यात पुरुषांचा सामना घरी लागलेला असताना हाच माणूस शिंकला होता आणि तिचा नवरा सोफ्यावरून म्हणाला होता, “याला म्हणतात छाती!” म्हणजे पुरुषांच्या सामन्यातले प्रेक्षक आणून बायकांच्या सामन्यावर ओतले होते, उरलेल्या आमटीत पाणी घालून ती पुन्हा उकळावी तसे. तिनं समोरच्या पडद्यावर बघितलं. एक मुलगी चेंडू घेऊन कोपऱ्याकडे पळत होती, मागे रिकाम्या खुर्च्यांची निळी रांग होती, आणि कानात हजारो पुरुष दुसऱ्याच कुणाच्या तरी गोलसाठी जीव टाकत होते.

माइकशेजारी खोकल्याचं बटण असतं. ते दाबून धरलं की समालोचकाचा आवाज बाहेर जात नाही, खोकून घ्यावं, पाणी प्यावं, आतल्या माणसांशी बोलावं, काय ते करावं. तिनं ते दाबलं आणि काचेपलीकडच्या साउंडवाल्याला विचारलं, “हा माणूस कोण?”

“कोणता, मॅडम?”

“शिंकणारा.”

“तो होय! उपांत्य सामन्यातला आहे, पुरुषांच्या. चांगला आहे ना? जिवंतपणा येतो.”

“आणि आपली माणसं?”

“आपली आहेत की. एका शाळेच्या मुली आणून बसवल्यात. पण त्यांच्या बाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलंय.” साउंडवाल्यानं दिलगिरीनं मान हलवली. तो वयानं तिच्याएवढाच होता आणि त्याचा चेहरा कायम आत्ताच झोपेतून उठवल्यासारखा असे. “मोकळं मैदान वाईट ऐकू येतं, मॅडम. नुसता चेंडूचाच आवाज येतो.”

नुसता चेंडूचाच आवाज. तिनं बटण सोडलं आणि चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला ते सांगायला लागली, पण तोंड सांगत होतं आणि ती भलतीकडेच गेली होती. ज्या काळात ती स्वतः गोलकीपर म्हणून खेळत होती त्या काळात नुसता चेंडूचाच आवाज यायचा. बुटाचा चेंडूवर बसलेला थाप्प, मग हवेतली एक पोकळी, मग तिच्या हातमोज्यांत रुतल्याचा तो ओला धप्प. आपलाच श्वास. ‘डावी सांभाळ गं!’ हे आपलंच ओरडणं, आणि ते पलीकडच्या भिंतीवर आपटून ‘गं’ तेवढा परत यायचा. पुरुषांच्या सामन्याआधी सकाळी त्यांचे सामने ठेवत. म्हणजे खेळ सुरू असतानाच मैदानाचा माळी चुन्याच्या रेषा ताज्या करीत फिरे आणि मधूनच हाक मारी, “पोरींनो, जरा हळू पळा, दुपारी मॅच आहे!” त्या पळत होत्या ती मॅच नव्हे, असं मानण्यात त्याच्या मनात कसलीही दुष्टाई नव्हती. तिच्या आयुष्यातल्या सगळ्या अंतिम सामन्यांत तिच्या ध्यानात राहिलेला सामनाही असाच सकाळचा. टीव्हीवाल्यांची गाडी आली होती, कॅमेरे तिकाट्यांवर चढवून झाले होते, पण दुपारपर्यंत धूळ बसू नये म्हणून त्यांच्यावर कापडं घातलेली होती. बुरखे घालून रांगेत उभ्या केलेल्या त्या कॅमेऱ्यांसमोर तिनं जन्मातला सगळ्यांत चांगला चेंडू अडवला. जमिनीला समांतर, अख्ख्या अंगाची लांबी हवेत, आणि करंगळीच्या टोकानं. त्या वेळी डबा खात बसलेल्या एका कॅमेरावाल्यानं वर बघितलं आणि भरल्या तोंडानं “वा” म्हटलं. बस. त्या चेंडूचं जगात जे काही शिल्लक आहे ते एवढं ‘वा’, आणि तेही घास चावता चावता काढलेलं.

“मुली फार जिद्दीनं खेळतायत,” शेजारी बसलेला तज्ज्ञ म्हणाला. दर थोड्या वेळानं हे म्हणणं त्याचं काम होतं. तो कुठल्याशा पुरुष संघाचा राखीव खेळाडू होता आणि मैदानात कमी उतरल्यामुळे त्याचे गुडघे अजून उत्तम होते. पुरुषांच्या सामन्यात हाच माणूस चेंडूचा कोन, धावण्याची रेषा, बचावाची फळी असं काय काय बोलत असे. इथं मात्र जिद्द. पुरुष खेळतात तेव्हा चेंडू वळतो, बाया खेळतात तेव्हा मन भरून येतं. तिनं एकदा त्याला सहज विचारलं होतं, अहो, त्या आघाडीच्या मुलीनं आत्ता चेंडू डाव्या पायावर का घेतला ते सांगा ना. तो थोडा विचारात पडला आणि म्हणाला होता, “जिद्द. दुसरं काय?”

ती ज्या खोलीत बसली होती तिला खिडकी नव्हती. भिंतींना स्पंज, वर सारखी घरघरणारी एसीची जाळी, आणि कुणीतरी कधीतरी विसरलेला एक स्वेटर, जो ज्याला थंडी वाजेल त्यानं घालायचा. सामना दुसऱ्या शहरात चालू होता. पुरुषांच्या सामन्याला समालोचक विमानानं मैदानावर जात. बायकांच्या सामन्याला याच इमारतीत तळमजल्यावर बसत, कारण वरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे पडद्यावर सगळं दिसतंच की. पडद्यावर जे दिसत नाही तेच तर समालोचकानं सांगायचं असतं, हे तिनं सुरुवातीला एकदोनदा बोलून बघितलं. मग सोडून दिलं. हे असं सोडून देणं तिला आता इतकं अंगवळणी पडलं होतं की आपण काही सोडलं हेही कळत नसे. उशिरा घरी गेल्यावर पाय चोळताना कुठेतरी थकवा जाणवे, आणि कशाचा ते आठवत नसे.

खेळत असताना वर्तमानपत्रातल्या एकानं तिला ‘भिंत’ म्हटलं. त्याला बिचाऱ्याला गौरव करायचा होता. पण त्या दिवसापासून घरादारात तिचं नावच भिंत पडलं. “भिंतीला मागणी कोण घालणार गं?” आत्या आईला विचारायची. “निदान ‘खिडकी’ तरी म्हणायचं होतं मेल्यानं, कुणी डोकावला तरी असता.” वडील सकाळी पेपर उघडून मुलीचं यश शोधत. आधी शेवटचं पान, मग त्याच्या अलीकडचं, मग चष्मा पुसून पुन्हा शेवटचं. आणि अखेर विजयानं ओरडत, “आलंय, आलंय! हवामानाच्या खाली!” ती वाकून बघे. तापमान, आर्द्रता, सूर्यास्त आणि ती. पुढे एकदा मात्र तिची चांगली मोठी मुलाखत आली, फोटोसकट. प्रश्न असे होते की घरचे काय म्हणतात, चेहऱ्याला लागेल याची भीती नाही वाटत, लग्नानंतर खेळणार का आणि आवडता रंग कोणता. तिनं उत्तरं दिली. आवडता रंग तिला काही सुचेना म्हणून गोलकीपरच्या जर्सीचा सांगितला. तो पोपटी होता. त्यानंतर कित्येक वर्षं नातेवाईक तिला पोपटी वस्तू भेट देत राहिले. आणि नवरा तर तसा चांगलाच माणूस. नवीन माणसांशी ओळख करून देताना तो आवर्जून सांगतो, “ही पूर्वी खेळायची.” एखाद्याला पूर्वी दमा होता म्हणून सांगावं, तशा सुरात. आता बरी आहे.

पडद्यावर शिट्टी वाजली. बरोबरी, एक-एक. जादा वेळ. तेवढ्यात तिच्या डाव्या कानात कानातला बोलला. कानातला म्हणजे या सामन्याचा निर्माता. तो वर कुठल्याशा खोलीत बसे आणि तिच्या डाव्या कानात उगवे. इतकी वर्षं काम करूनही त्याचा चेहरा तिला नीट आठवत नसे, आवाज मात्र आतून ओळखीचा होता, आपल्याच मनात येणाऱ्या भित्र्या विचारांसारखा.

“ताई, पाचला प्रक्षेपण सोडायचंय हां. काही झालं तरी.”

तिनं बटण दाबलं. “जादा वेळ आहे. मग पेनल्टी लागतील कदाचित. अंतिम सामना आहे हा.”

“माहितीय ना मला. पण पाचला पुरुषांच्या संघाची बस येतेय हॉटेलवर.”

“त्यांचा सामना परवा आहे.”

“हो, पण बस आज येतेय.”

तिनं बटण सोडलं आणि पडद्यावरच्या मुलींकडे बघत राहिली. त्या गवतावर आडव्या झाल्या होत्या, कुणी एकमेकींच्या पोटऱ्या चोळत होत्या, एकीनं बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. गोलकीपर मात्र बसली नव्हती. अंगानं लहानखुरी, पाठीवर एक नंबर. ती गोलच्या खांबाला टेकून एका पायावर उभी होती आणि दुसऱ्या पायाच्या बुटानं हळूहळू जमीन टोकरत होती. पडद्यावर हे बघून तिनं ओळखलं. हे आता पेनल्टीवर जाणार. त्या मुलीलाही ते कळलंय, आतापासून ती उभं राहायची जागा तयार करतेय. आणि ज्या वेळी ती तिथं उभी राहील त्या वेळी घरोघरी पडद्यावर एक बस असेल. यात नवीन काय होतं? असं दर वर्षी कुठं ना कुठं होतं, बुद्धिबळाच्या प्रश्नमंजूषेसाठी, एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणासाठी, मागे एकदा तर पुरुषांच्या सामन्यातल्या पावसासाठी. रिकाम्या मैदानावर पडणारा पाऊस, थेट. तिला कधी राग आला नव्हता, थकवा आला होता. आणि आजही थकवाच होता. पण आज त्याला खाली बसायला जागा मिळेना. तिला त्या मुलीच्या पेनल्टी दिसायला हव्या होत्या. स्वतःला नव्हे, तिला तर त्या दिसतच होत्या. लोकांना. कुणालाही. एखाद्या डबा खाणाऱ्याला का होईना.

आता या कामातली एक गोष्ट अशी, की बायकांच्या सामन्यांचा प्रायोजक फरशी पुसायचं औषध करणारी कंपनी होती. पुरुषांना सिमेंट, मोटारसायकली आणि विमा. बायकांना फरशी. प्रक्षेपण संपवताना समालोचकानं स्वतःच्या आवाजात एक वाक्य म्हणायचं असे, “चकचकीत घर, चकचकीत खेळ, पुन्हा भेटू.” एकदा घाईत ते राहून गेलं, तेव्हा कंपनीच्या माणसांनी वरच्या मजल्यावर जो काही धिंगाणा घातला त्यानंतर नियमच झाला. समालोचकानं वाक्य म्हटल्याशिवाय बायकांचं प्रक्षेपण बंद करायचं नाही. या वाक्याची तिला मनापासून शिसारी येई. ते म्हणताना दर वेळी आपण ओणव्यानं मैदान पुसतोय असं तिला वाटे. पण आज जादा वेळेची शेवटची शिट्टी वाजली, पंचांनी पेनल्टीची खूण केली आणि तिच्या डोक्यात अगदी शांतपणे आलं, की वाक्य माझ्याकडे आहे. मी ते म्हटलंच नाही तर हे लोक जाणार कुठं?

“ताई, वाक्य,” कानातला म्हणाला.

ती संघांची रांग कशी उभी राहतेय ते सांगत राहिली.

“ताई, वाक्य घ्या ना. बस गल्लीत वळली.”

तिनं बटण दाबलं. “वळू दे.”

“अहो, मग दार उघडेल!”

“दार उघडलं की माणसं उतरतात. त्यात न कळण्यासारखं काय आहे?”

शेजारी तज्ज्ञ उठला. त्यानं खिशातला कंगवा काढून केसांवरून फिरवला. “मी वर जातो,” तो कुजबुजला, “मला बसवर बोलायचंय.” आणि जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, “जिद्दीनं करताय तुम्ही.”

दार बंद झालं. स्पंजच्या खोलीत ती, एसीची घरघर आणि काचेपलीकडे साउंडवाल्याचा झोपाळू चेहरा. कानातला अजून काही बोलला, मग कुणावर तरी ओरडला, मग एकदम गप्प झाला. तिला वाटलं, हरला. सुरुवातीला ती नुसतीच बोलत होती, दोन शब्दांत फट राहू नये म्हणून. फट दिसली की हे लोक त्यातून बस आत घालतील. पहिली पेनल्टी गोल, दुसरी गोल, तिसरी खांबावर, आणि ती बोलतच होती. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आपण काही वेगळंच बोलतोय. एक नंबर टाचांवर उभी नाहीये, चवड्यांवर आहे, हे बघा. ती मारणारीच्या डोळ्यांकडे बघत नाहीये, तिच्या टेकलेल्या पायाकडे बघतेय, कारण डोळे खोटं बोलतात, टेकलेल्या पायाला तेवढी सवड नसते. हात बाजूला पसरलेत ते मोठं दिसायला नव्हे, खांदे मोकळे राहायला. ती मुद्दाम अर्धं पाऊल उजवीकडे उभी आहे, डावीकडची जागा दाखवतेय, दुकानदार ठरावीक कापड वर मांडून ठेवतो ना तशी. हे सगळं तिच्या आत इतकी वर्षं पडून होतं, घडी न मोडलेलं. तिला हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. जिद्द हा शब्द तिच्या तोंडून एकदाही गेला नाही. तिच्या मांड्या टेबलाखाली आपोआप ताठ झाल्या होत्या, डावा पाय किंचित पुढे, आणि तळहात घामानं हातमोजा घातल्यासारखे जड. बाहेर घरोघरी लोक ऐकतायत, बघतायत, याचा तिला विसर पडला. मग आठवण झाली. मग पुन्हा विसर पडला.

शेवटची पेनल्टी. ही अडवली तर सामना एक नंबरच्या संघाचा. मारणारी उंच होती, डावखुरी, पळताना एकदा अडखळल्यासारखं करून गोलकीपरला फसवणारी. ती अडखळली. एक नंबर फसली. “गेली!” ती माइकवर म्हणाली, “चुकीच्या बाजूला गेली, उजवीकडे झेपावलीये, चेंडू मात्र मधोमध, सरळ, आणि...” आणि त्या मुलीनं हवेत असतानाच मागे राहिलेला पाय उलटा झाडला. सापानं शेपटी झाडावी तसा. चेंडू टाचेला लागला, वरच्या दांडीला लागला आणि मैदानाबाहेर गेला. “अडवला! अडवला! चुकीच्या बाजूला जाऊन अडवला!” तिचा आवाज फाटला. कानातले हजारो उसने पुरुष त्याच क्षणी निराशेनं हळहळले, त्यांच्या सामन्यात बहुधा कुणाचा तरी गोल हुकला होता. पडद्यावर सगळ्याजणी एक नंबरवर जाऊन पडल्या, तिचा एक बूट तेवढा ढिगाऱ्यातून बाहेर दिसत होता. आणि मग पडदा निळा झाला. कोरा, शांत निळा. तिनं पाण्याचा घोट घेतला. आता हरकत नव्हती. तिनं वाक्य म्हटलं, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा करून. चकचकीत घर, चकचकीत खेळ, पुन्हा भेटू.

बाहेर आली तेव्हा साउंडवाला आपल्या खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरची झोप पहिल्यांदाच उडाली होती.

“मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही बसवर बोललात.”

“म्हणजे?”

“चित्राच्या खोलीनं पाचला बाहेर जाणारं चित्र बदललं, तुमच्या पडद्यावर मैदानच येत राहिलं. त्यांना वरून तसं सांगितलं होतं. आम्हाला आवाजाच्या खोलीत कुणी काही सांगितलंच नाही. आमच्याकडे नियम आहे, वाक्य आल्याशिवाय बाईंचा आवाज बंद करायचा नाही.” तो तिच्याकडे अगदी सरळ चेहऱ्यानं बघत होता. “वाक्य आलं नाही. मी आवाज चालू ठेवला.”

तिला आधी कळेना. मग कळलं, आणि ती भिंतीला टेकली. घरोघरी बस दिसत होती आणि तिचा आवाज ऐकू येत होता. साउंडवाला सांगत गेला. बसचं दार उघडलं, पहिला खेळाडू पायरीवर आला आणि त्याच वेळी तुम्ही म्हणालात, टाचांवर नाही, चवड्यांवर उभी आहे. संघाचा मालीश करणारा दोन्ही हात पसरून बॅगा घेत होता तेव्हा तुम्ही म्हणालात, हे मोठं दिसायला नव्हे, खांदे मोकळे राहायला. कर्णधार उशी बगलेत घेऊन उतरला तेव्हा तुम्ही कापडाच्या दुकानाचं सांगत होतात. एक चाहता आत घुसायला बघत होता, त्याला हॉटेलच्या रखवालदारानं पोटाला धरून थांबवलं, आणि मॅडम, त्याच सेकंदाला तुम्ही ‘अडवला! अडवला!’ “वरती तज्ज्ञ साहेब बसले होते ना, त्यांचा माइक आम्ही उघडलाच नाही. दोन आवाज एकदम नकोत म्हणून. ते नुसते ओठ हलवत होते.”

हे ऐकून हसू यायला हवं होतं. थोडं आलंही, पण ते वाटेतच दमलं. “मैदानावरचं चित्र कुठं असेल?” तिनं विचारलं. “ती शेवटची पेनल्टी? ठेवली असेल ना कुणीतरी?”

साउंडवाल्यानं नजर खाली वळवली. “जे बाहेर जातं तेच साठवतात, मॅडम. बाहेर गेली ती बस. मैदानावर एकच कॅमेरा होता, त्यात साठवायची सोय नव्हती.”

म्हणजे पुन्हा कॅमेऱ्यावर कापड. थोडं अधिक तलम, एवढंच.

डाव्या कानात हेडफोन नसतानाही तिला कानातल्याचा आवाज आला. तो चक्क जिन्यावरून खाली येत होता. गोल चेहऱ्याचा, घामेजलेला, बराच तरुण माणूस. “ताई, वरचे साहेब हसतायत की ओरडतायत तेच आवाजावरून कळत नाहीये,” तो म्हणाला. “उद्या सकाळी भेटा म्हणालेत. सगळीकडे तेच फिरतंय, तुमचा आवाज आणि बस. तुम्ही असं का केलंत, ताई?”

“पेनल्टी होत्या,” ती म्हणाली.

“हो, पण...” तो पुढचं शोधत राहिला. त्याला ते सापडेपर्यंत ती मागच्या दारानं बाहेर पडली होती.

रस्त्यावर अजून चांगलाच उजेड होता, त्या बिनखिडकीच्या खोलीतून आल्यावर डोळ्यांना बोचणारा. ती घराच्या दिशेनं चालत राहिली. उद्या सकाळी साहेब काय म्हणतील याचा विचार करायला हवा होता, पण विचार होईना. डोक्यात एक पाय उलटा झाडला जात होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी तो किंचित पुसट होत होता. उद्यापर्यंत किती राहील? आपली स्वतःची ती चेंडू अडवणारी करंगळीसुद्धा आता आपण बघितलेली आहे की लोकांना सांगून सांगून तयार केलेली, हे तिला खात्रीनं सांगता आलं नसतं. आणि लोकांना तरी कुठं सांगितलं होतं? कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात टीव्ही चालू होता. ती थबकली. पडद्यावर पुन्हा तीच बस थांबत होती, दार उघडत होतं आणि तिचाच आवाज, परका, पातळ, फाटलेला, ‘चुकीच्या बाजूला जाऊन अडवला!’ म्हणत होता. आतली चार-पाच पुरुषमंडळी खो खो हसली. बरोबर आहे, ती मनात म्हणाली, मीही हसले असते.

“या ना बाई, उन्हात का उभ्या?” न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला. “तुम्ही बघितलंत का हे? सकाळपासून एवढा हसलो नव्हतो.”

“नको, निघालेच मी. जरा बघत होते,” ती म्हणाली.

न्हाव्याचा वस्तरा तसाच राहिला. त्यानं टीव्हीकडे बघितलं, मग तिच्याकडे. “अहो, आवाज! तुम्हीच काय त्या?”

आतली मंडळी सावरून बसली. माणूस समोर उभं असल्यावर हसायला जरा अवघड जातं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं मान वळवली. गळ्याभोवती पांढरं कापड, अर्ध्या गालाला साबण. जाडजूड, पन्नाशीचा माणूस, कुठल्याशा कचेरीत मुख्य कारकून असावा असा. तो तिच्याकडे जरा रागानंच बघत होता.

“एक सांगा मला,” तो म्हणाला. “बसचं जाऊ द्या. मघापासून मी या सगळ्यांना विचारतोय, कुणाला पत्ता नाही. ती पोरगी चुकीच्या बाजूला गेली म्हणालात.”

“गेली.”

“मग अडवला कसा?”

“पायानं. हवेत असताना मागचा पाय उलटा झाडला. टाचेनं.”

“हवेत असताना?” साबणवाल्यानं न्हाव्याकडे बघितलं. न्हाव्यानं खांदे उडवले. “उजवीकडे पडता पडता? मग पाय कुठला? डावा?”

“डावाच. कंबर आधी फिरवायची. पाय मागून आपोआप येतो.”

“छे हो. कंबर कशी फिरेल? धरायला काय आहे हवेत?”

“काही नाही. म्हणून तर खांदा आधी खाली घालायचा.”

“नाही बुवा लक्षात येत,” तो म्हणाला, आणि हताशपणे साबणाच्या हातानंच टीव्हीकडे बोट केलं. “काय दाखवतात हे लोक? बस!”

ती दारात तशीच उभी होती. गुडघे दुखत होते. घरी नवरा वाट बघत असेल, त्यानं एव्हाना बघितलंच असेल, मित्रांचे फोन घेत असेल. तिनं खांद्यावरची पिशवी काढली आणि पायरीच्या कडेला ठेवली. मग चपला काढून ती आत आली. फरशी थंड होती आणि कापलेल्या केसांनी थोडी निसरडी. हे चांगलं नव्हतं, पण ती याहून वाईट मैदानांवर खेळली होती.

“त्या दोन स्टुलांमध्ये जरा अंतर ठेवा,” ती न्हाव्याला म्हणाली. “आणखी. आणखी थोडं. आणि तो टॉवेल गुंडाळा घट्ट.”

स्टुलं सरकली. वाट बघणारी माणसं पाय वर घेऊन भिंतीशी चिकटली. साबणवाला खुर्चीतून उतरून रस्त्यावर गेला, गळ्याभोवती कापड तसंच, टॉवेलचा बोळा पायरीपलीकडे ठेवून तो थोडं मागं सरकला. तिनं त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. त्याच्या टेकलेल्या पायाकडे बघितलं.

“लागेल हो तुम्हाला, बाई,” तो म्हणाला.

ती चवड्यांवर उभी राहिली. खांदे मोकळे केले.

“मधोमध मारा,” ती म्हणाली. “जोरात.”